मिसळणाच्या डब्याची कहाणी

ऐका मिसळणाच्या डब्या, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीपाशी लोहाराचा भाता होता, भात्यामागं चंद्रमौळी घर होतं. घरात सटवाजी लोहार होता, त्याची बायको गोजरा होती, लहानगी लेक ठकू होती, आणि सगळ्यांच्या वर सासू होती. सासूच्याही वर एक डबा होता.

तो डबा मिसळणाचा. पितळेचा, वाटोळा, झाकणाला कडी. आत सात वाट्या. हळद, मोहरी, जिरं, मेथी, ओवा, मिरं, आणि मधल्या वाटीत हिंगाचा खडा. सुनेनं पाणी भरावं, भाकरी थापावी, डाळ शिजवावी, पण डब्याला बोट लावू नये. फोडणीची वेळ झाली म्हणजे हाक मारावी, "आत्याबाई, तेल तापलं." मग सासूनं उठावं, कडी काढावी, बघितलं न बघितलंसं करावं, चिमटी चिमटी टाकावी आणि झाकण लावावं. किती टाकलं ते कोणाला दिसू नये. वालाच्या उसळीत ओवा पडे, कोणाचं पोट फुगत नसे. डाळीत हिंग पडे, जेवण अंगी लागे. पावसाळी हवेत कढीला मिरं लागे, बाळंतिणीच्या लाडवात मेथी पडे, घसा बसला की दुधात हळद येई. त्या घरी आजार आलाच तर उंबऱ्यावर बसे, फोडणीचा वास घेई आणि शिंकत शिंकत पुढच्या घरी जाई.

गोजराला मात्र त्या डब्याची हाव. मनात म्हणे, "संसार माझा आणि फोडणी हिची? मी काय नुसती तेल तापवायला आले?" तोंडानं म्हणत नसे. तोंडानं म्हणायची छाती त्या घरात कोणाचीच नव्हती. सटवाजी दिवसभर लोखंड वाकवी, पण आईपुढं आला की स्वतः वाके.

मग एके दिवशी काय झालं? श्रावण लागला आणि सासूला ताप आला. वैद्य आला. त्यानं नाडी पाहिली, मात्रा उगाळून दिली. ताप गेला. पण जाताना सासूच्या तोंडची चव घेऊन गेला. सासू बोलेना, सासू उठेना, सासू जेवेना. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. भात दिला, नको. पेज दिली, नको. दूध दिलं, तेही नको. वैद्य पुन्हा आला आणि म्हणाला, "ताप माझ्याकडचा होता, तो मी काढला. भूक चुलीकडची असते. चार घास पोटात गेले तर बाई तरेल. नाही तर माझी मात्रा नुसती राख."

सटवाजीनं डबा उचलला, गोजरापुढं ठेवला. "आता तूच घाल काय घालायचं ते. पण माझी आई जगव."

हवा होता तो डबा मिळाला. गोजरानं कडी काढली, झाकण उचललं. सातही वाट्या तिच्याकडं डोळे वटारून बघायला लागल्या. कशात काय घालायचं? आधी काय, मागून काय? किती? गोजरा गोंधळली. करू काय, नि करू नको काय?

मग ती धुणं घेऊन नदीवर गेली. धुणं राहिलं बाजूला, हीच रडत बसली. तों तिथं एक सवाष्ण आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात काठी. तिनं पुसलं, "बाई, बाई, का रडतेस?"

गोजरा म्हणाली, "आई, माझी सासू अन्नावाचून चालली. डबा माझ्या हातात आहे, पण हातात अक्कल नाही."

"उगी, उगी. मिसळणाचा वसा घे."

"वसा कसा घ्यावा? काय करावं?"

सवाष्ण म्हणाली, "श्रावणातला शुक्रवार धरावा. डबा राखेनं घासावा, उन्हात पालथा घालावा. वाट्या पुसून भराव्या. रोजच्या अन्नात चिमूट टाकावी. ज्या हातानं घर जेवलं, त्या हाताची चिमूट घ्यावी. साऱ्या घरानं एका भांड्यातलं जेवावं. उतू नये, मातू नये, चिमटीची मूठ करू नये."

गोजरानं डोळे पुसले, म्हणाली, "ज्या हातानं घर जेवलं तो हात कोणाचा?" वर बघते तों सवाष्ण नाही, काठी नाही. पाण्यावर नुसता भाजल्या जिऱ्याचा वास.

आता हात कोणाचा ते तुम्हां ऐकणाऱ्यांना केव्हाच कळलं असेल. गोजराला नाही कळलं. हसू नका गं. ज्याच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, त्याची अक्कल गोठ्यात बांधलेली असते. आपल्याही घरी असं झालं आहे, आठवून बघा.

पहिला शुक्रवार आला. गोजरानं डबा घासला, उन्हात घातला, वाट्या भरल्या. मग विचार करायला बसली. घराला जेवू घालणारी कोण? अन्नपूर्णा! लग्नात तिनं माहेराहून तांदळात बसवून पितळेची अन्नपूर्णा आणली होती, हातात एवढीशी पळी धरलेली. गोजरानं डबा देव्हाऱ्यात नेला, देवीपुढं मांडला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आघाडा दुर्वा वाहिल्या. हात जोडले, म्हणाली, "आई, तुझ्या हातची चिमूट टाक."

चुलीवर तेल तापलं. देवी हलेना. तेलातून धूर निघाला. देवी हलेना. तेल जळलं, धूर गोजराच्या डोळ्यांत गेला, तरी देवी आपली पळी धरून जागच्या जागी. आता देवापुढं मांडलेला डबा उचलायचा कसा? वाहिलेलं परत घ्यायचं कसं? गोजराला धीर होईना. डबा राहिला देव्हाऱ्यात, डाळ राहिली चुलीवर, आणि घर बिनफोडणीचं जेवायला लागलं. वालाची उसळ झाली, ओवा पडला नाही. ठकूच्या पोटात कळा आल्या, सटवाजीचं पोट त्याच्याच भात्यासारखं फुगलं. सासूनं एक घास ओठांशी नेला नि पानात ठेवला. गोजरा गोंधळली. वसा तर केला, मग फळ का नाही? करू काय, नि करू नको काय?

दुसरा शुक्रवार आला. सटवाजी पोट धरून म्हणाला, "देवीला कशाला दमवतेस? घण मी मारतो, दाणे मी आणतो, घर जेवतं ते माझ्या जिवावर. तो हात माझा."

गोजराला पटलं. तिचं असं झालं होतं की कोणीही काही सांगावं, तिला पटावं. तिनं देवीची क्षमा मागून डबा चुलीपाशी आणला. सटवाजीनं हात धुतले, बाह्या सारल्या, मोठ्या भक्तीनं बसला. पण जन्मभर ज्यानं घणाचा दांडा धरला, त्याला चिमूट कशी धरता यावी? बोटं जुळवायला गेला आणि मूठ वळली. मूठभर मोहरी गेली, मूठभर मिरं गेलं. तेल भडकलं, मोहरी आढ्याला लागली, घरभर ठसका उठला. ठकू पाण्याच्या हंड्याकडं पळाली, दारातलं कुत्रं वेशीपर्यंत पळालं. सासूच्या जिभेला वरणाचं बोट लावलं. सासूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

गोजरा ओरडली, "धनी, बघा, बघा! चव आली!"

सटवाजी म्हणाला, "चव आली का जीभ भाजली?"

ते काही दोघांनाही कळेना. सासूनं पान हातानं सारलं आणि भिंतीकडं वळली, तेव्हा कळलं.

तिसरा शुक्रवार आला. आता सासूचा हात उचलून सोडला तर पडत होता. गोजरा घाबरीघुबरी होऊन शेजारी गेली. तेलीण आली, कुंभारीण आली, कासारीण आली. तिघी मायेच्या, तिघींची तोंडं मोठी.

तेलीण म्हणाली, "हळदीसारखं दुसरं नाही. खरचटलं हळद, मुरगळलं हळद, खोकला झाला हळद. लोटाभर दूध घे, पळीभर हळद घाल, पाज."

कुंभारीण म्हणाली, "हळदीनं काय होतंय? मेथी दे. माझ्या सासूचे गुडघे मेथीनं सुटले. वाटीभर भिजव, खायला घाल."

कासारीण म्हणाली, "गुडघ्याचा इथं काय संबंध? अडलंय पोटात. पोटाला ओवा. ओव्याचा काढा कर, चांगला दाट."

खोटं एकीचंही नव्हतं. पण खऱ्याचीही मूठ झाली की ते बाधतं. गोजरानं कोणाचं ऐकलं? तिघींचं ऐकलं. हळद पाजली, वर मेथी चारली, वर काढा दिला. सासूच्या पोटात कालवाकालव झाली. आग पडली, ओकारी झाली. सासू पांढरीफटक पडली.

मग तिघी भांडायला लागल्या. ही म्हणे तुझ्या मेथीनं झालं, ती म्हणे तुझ्या काढ्यानं झालं. "थांब, मी दाखवते कसं घालायचं," म्हणून तेलिणीनं डबा धरला. "तू काय दाखवतेस," म्हणून कुंभारणीनं धरला. कासारणीनं कडी ओढली. डबा हिसकला, उलटला, सारवलेल्या भुईवर पालथा झाला. हळदीत मोहरी, मोहरीत मेथी, मेथीत जिरं, सगळ्यांत माती. तिघींना आपापल्या चुली आठवल्या. तिघी पदर सावरून निघून गेल्या.

गोजरा त्या ढिगाकडं बघत राहिली. तिच्या डोक्यात जे महिनाभर चाललं होतं तेच आता भुईवर सांडलं होतं. दुसऱ्यांदा डबा भरायची त्या घराची ऐपत नव्हती. ती सासूच्या उशाशी गेली, मोठ्यानं रडली, म्हणाली, "आत्याबाई, तुमचा डबा मी सांडला हो. मनातून मला हवा होता, म्हणून माझ्या हाती आला, आणि मी मातीत घातला. शिव्या द्या, मारा, पण बोला." सासूचं तोंड भिंतीकडंच राहिलं.

तों दारातून हाक आली, "अतिथी आलं आहे. जेवू घालतेस का गं?"

बघते तों तीच सवाष्ण. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात काठी. गोजरानं पाय धरले. "आई, जेवू काय घालू? डाळ आहे, तांदूळ आहेत, पण मिसळण मातीत गेलं."

"मग निवडून घे."

"कसं निवडू? कधी होणार?"

"एकटीनं निवडशील तर नाही होणार. घरात आणखी हात नाहीत का?" असं म्हणून सवाष्ण ओसरीवर काठी टेकून बसली. मी उपाशी आहे, असं तोंडानं म्हणाली नाही, पण बसली अशी की जेवल्याशिवाय उठणार नाही.

गोजरानं ढीग सुपात भरला. सूप घेऊन सासूच्या अंथरुणापाशी, कवडशात बसली. डोळे पाण्यानं भरलेले, दाणा दिसेना. मेथी मोहरीत टाकली, जिरं ओव्यात टाकलं. पुन्हा मेथी मोहरीत टाकली.

सासू भिंतीकडून वळली. बघत राहिली. आता बायांनो, सासूला ताप सोसतो, उपास सोसतो, मरणसुद्धा सोसत असेल. पण डोळ्यांदेखत सून चुकीचं निवडतेय, हे सोसत नाही. गोधडीतून हात बाहेर आला. थरथरत सुपात गेला. मोहरीतला मेथीचा दाणा उचलला, त्याच्या वाटीत टाकला. मग दुसरा उचलला. मग तिनं सूप आपल्याकडं ओढलं, एका अंगाला कलवलं. मोहरी गोल, ती गडगडत खाली आली. जिरं, ओवा, मेथी मागं राहिली. गोजरा बघतच राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. मोहरी निघाली. मिरं निघालं. मेथी निघाली. हिंगाचा खडा पदरानं पुसला. हळद फडक्यातून गाळली, थोडी हाती आली, बाकीची भुईला दिली. निवडता निवडता सासूच्या हाताची थरथर कधी थांबली ते दोघींनाही कळलं नाही.

गोजरा त्या हाताकडं बघायला लागली. मनगटापर्यंत तेलाच्या चटक्यांचे डाग. बोटांची पेरं हळदीनं कायमची पिवळी. या हातानं धनी जेवले. या हातानं ठकू जेवली. नवी नवरी होऊन आले त्या दिवसापासून मी या हातानं जेवले. आणि मी देवीपुढं हात जोडले, नवऱ्याला पाटावर बसवलं, शेजारणींच्या दारात गेले, आणि हा हात गोधडीखाली ठेवून दिला! गोजराचं डोकं महिन्यात पहिल्यांदा ठिकाणावर आलं. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला.

ती उठली. डाळ शिजवली, भात टाकला. शेगडी उचलून सासूच्या अंथरुणापाशी आणली, वर कढई ठेवली, कढईत तेल टाकलं. निवडून भरलेल्या वाट्या डब्यात मांडल्या, डबा सासूच्या उजव्या हाताला ठेवला. आणि नेहमीची हाक मारली, "आत्याबाई, तेल तापलं."

सासू उठून बसली. आपण होऊन बसली की सवयीनं बसली, तिचं तिला माहीत. हात डब्यात गेला. गोजरानं त्या हाताखाली आपला हात धरला, आणि किती ते पहिल्यांदा पाहिलं. एवढीशी मोहरी, ती तडतडेपर्यंत थांबायचं. मग जिरं. मेथीचे अगदी थोडे दाणे, लाल होऊ द्यायचे, काळे नाही. मग हिंगाची पूड. सगळ्यात शेवटी हळद, आणि हळद पडली की लगेच वरण, नाही तर करपते. दमलेला हात, हिंगाशी थोडा हलला.

चर्रर्र झालं. धूर उठला, घरभर वास गेला, सासूच्या नाकात गेला. सासूला शिंक आली. दुसरी शिंक आली. तिसरी शिंक अशी आली की भात्यापाशी सटवाजीच्या हातून सांडशी पडली. शिंकेमागून वास आला, वासामागून तोंडाला पाणी आलं, पाण्यामागून भूक आली.

पानं मांडली. पहिलं पान सवाष्णीला, दुसरं सासूला. सगळ्यांना एकाच भांड्यातलं वरण, एकाच भांड्यातला भात. सासूनं भात कालवला. घास तोंडाशी नेला. सटवाजीचा हात पानातच थांबला, ठकू मान उंच करून बघायला लागली. सासूनं घास चावला, गिळला. दुसरा घास घेतला, गिळला. तिसरा घास घेतला, जीभ टाळ्याला लावली, कपाळाला आठी घातली, आणि महिन्यात पहिल्यांदा बोलली.

"हिंग जास्त झालाय."

सटवाजीनं पानावरच डोळ्यांना हात लावला. गोजरा हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "झालाय, आत्याबाई! जास्तच झालाय!"

"मग रडतेस काय? वरण वाढ."

गोजरा वाढायला उठली. सवाष्णीच्या पानाशी आली तों पान लख्ख चाटलेलं, पाट मोकळा, पाटावर चिमूटभर हळद. सगळ्यांनी हात जोडले. ती हळद गोजरानं सासूच्या कपाळी लावली, सासूनं गोजराच्या कपाळी लावली, उरली ती डब्यात टाकली.

पुढं सासू हिंडूफिरू लागली. डबा सुनेचा झाला नाही आणि सासूचाही उरला नाही. तो दोघींच्या मध्ये राहिला. सासू चिमूट धरी, सून हाताखाली हात धरी. सासू सांगे, "पोरी, हे औषध नव्हे, हे जेवण आहे. दुखणं आलं तर वैद्याला बोलव. येऊ नये म्हणून रोज एवढंसं टाक, आणि रोज टाक." या वशाचं उद्यापन काय? हात चालतात तोवर दुसऱ्या हाताला दाखवावं. डोळे मिटायची वाट बघू नये.

जशी गोजराच्या सासूच्या तोंडची चव परतली, तशी तुमच्या आमच्या घरच्या आजाऱ्याची परतो. जशी ती पहिल्या बोलाला खोड काढती झाली, तशा तुमच्या घरच्या म्हाताऱ्या शंभर वर्षं खोड काढोत. उतू नका, मातू नका, चिमटीची मूठ करू नका. ही साता वाट्यांची कहाणी पांचा घासी सुफळ संपूर्ण.